येणार, पण कधी ते विचारू नका

परवा जेवणाच्या सुट्टीत टीममधल्या एका मुलाने विचारलं, "नाटोमध्ये एवढी भांडणं कशाची चालतात? ज्याला यायचंय त्याला घ्या, नाहीतर तोंडावर नाही म्हणा. विषय संपला." त्याला वाटलं मी दोन वाक्यांत उत्तर देईन. दोन वाक्यांत मावणारं नाही, म्हणून हा शनिवारचा लेख. थोडा लांब आहे, चहा घेऊनच बसा.

आता तुम्ही म्हणाल, कुठल्या तरी लष्करी युतीत कोणाला घ्यायचं यावरून युरोपात बत्तीस देश भांडतायत, आपलं काय जातंय? जातं. फेब्रुवारी २०२२ आठवा. खारकीव्हच्या मेट्रो स्टेशनांत आणि हॉस्टेलच्या तळघरांत हजारो भारतीय पोरं अडकली होती, बहुतेक मेडिकल शिकणारी. त्यात महाराष्ट्रातली बरीच होती. सरकारला 'ऑपरेशन गंगा' काढून त्यांना पोलंड, रोमानिया, हंगेरीमार्गे परत आणावं लागलं. त्या पोरांनी सीमा ओलांडली तेव्हा ती नाटोच्या हद्दीत आली. सीमेच्या अलीकडे बॉम्ब पडत होते, पलीकडे नव्हते. या भांडणाचा अर्थ त्या एका रेषेत होता.

तर आधी नियम काय आहेत ते बघू. नाटोचा करार झाला ४ एप्रिल १९४९ रोजी, वॉशिंग्टनमध्ये, बारा देशांचा. त्यातलं कलम ५ सगळ्यांना माहीत असतं: एकावर हल्ला म्हणजे सर्वांवर हल्ला. पण ते मुळातून वाचलं तर त्यात एक सोडवण ठेवलेली आहे. हल्ला झाला तर प्रत्येक देश त्याला 'आवश्यक वाटेल' ती कृती करेल, असं तिथे लिहिलंय. रणगाडे आपोआप निघत नाहीत. आजवर हे कलम एकदाच लागू झालं, सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकेसाठी.

भांडणं मात्र कलम १० वरून होतात, आणि ते फारसं कुणी वाचत नाही. त्यात म्हटलंय की सर्व सदस्य एकमताने एखाद्या युरोपियन देशाला आमंत्रण 'देऊ शकतात'. देतील असं नाही, देऊ शकतात. आणि एकमताने. त्यानंतरही प्रत्येक देशाने आपापल्या पद्धतीने, बहुतेक ठिकाणी संसदेत, त्याला मंजुरी द्यायची. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर एका मर्जला बत्तीस रिव्ह्यूअर्सचं अप्रूव्हल लागतं आणि अ‍ॅडमिनला ओव्हरराइड नाही. अमेरिकेलासुद्धा नाही.

आणखी एक गोष्ट. करारात बाहेर पडण्याची सोय आहे, पण कुणाला बाहेर काढण्याची सोय नाही. एकदा आत घेतलेला देश उद्या हुकूमशहाच्या हातात गेला, शेजाऱ्याशी भांडला, तरी तो आतच. डिलीटचं बटणच नाही म्हटल्यावर दारावर घासाघीस होणारच. त्यामुळे भांडणं होतात याचं मला काही विशेष वाटत नाही. दुसऱ्याच्या सीमेसाठी आपली पोरं पाठवायची का, हा प्रश्न एकमताशिवाय सुटावा असं मी तरी म्हणणार नाही. लिस्बनमध्ये राहणाऱ्या आईबापाला एस्टोनियातलं नार्व्हा नकाशावर दाखवून 'यासाठी' असं सांगता आलं पाहिजे. नाही सांगता आलं तर ती हमी कागदावरचीच.

भांडणाची परंपरा जुनी आहे. तुर्कस्तानने १९५० मध्ये आत यायचं म्हटलं तेव्हा त्याला दाराबाहेरच ठेवलं गेलं. उत्तरेकडच्या छोट्या सदस्यांचं म्हणणं, अटलांटिकच्या युतीचा भूमध्य समुद्राच्या त्या टोकाशी काय संबंध? तुर्कस्तानने मग कोरियाच्या युद्धात आपली ब्रिगेड पाठवून रक्त सांडलं आणि १९५२ मध्ये ग्रीसबरोबर आत आला. (हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.) १९५५ मध्ये पश्चिम जर्मनी आली, हिटलर मरून दहा वर्षं झाली होती, फ्रेंचांच्या मनाची काय अवस्था असेल कल्पना करा. स्पेन १९८२ मध्ये आला. यांतला एकही प्रवेश सुरळीत म्हणण्यासारखा नव्हता.

मग १९८९-९१ मध्ये सोव्हिएत साम्राज्य कोसळलं आणि पूर्व युरोपचे देश दार ठोठवायला लागले. इथे थांबून एक सांगतो. आपल्याकडे टीव्हीवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर 'नाटोचा विस्तार' असा शब्दप्रयोग सर्रास चालतो. ऐकणाऱ्याला वाटतं की अमेरिका झेंडे घेऊन पूर्वेकडे सरकत गेली आणि बिचाऱ्या पोलंडला धरून आत बसवलं. प्रत्यक्षात १९३९ आठवणारा पोलंड, १९५६ आठवणारा हंगेरी आणि १९६८ आठवणारे चेक लोक स्वतःहून दारात उभे होते. वॉशिंग्टनमध्येच तेव्हा दोन तट होते. शीतयुद्धाच्या धोरणाचा जनक जॉर्ज केनन, वयाच्या नव्वदीत, १९९७ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहून गेला की ही अमेरिकेची सगळ्यात घातक चूक ठरेल. त्याचं म्हणणं टाकाऊ नव्हतं. पण केननला मॉस्कोची जेवढी काळजी होती तेवढी वॉर्साची असल्याचं मला दिसलं नाही. असो.

१९९७ मध्ये माद्रिदला शिखर परिषद झाली. फ्रान्स आणि इटलीचा आग्रह रोमानिया आणि स्लोव्हेनियाही घ्या असा, अमेरिकेचा हट्ट तीनच. तीनच झाले: पोलंड, हंगेरी, चेक प्रजासत्ताक. त्यांचा प्रवेश झाला १२ मार्च १९९९ ला आणि बारा दिवसांत नाटोचे बॉम्ब सर्बियावर पडायला लागले. हंगेरीची सीमा सर्बियाला लागून, आणि तिथे, व्होयव्होदिनात, लाखो हंगेरियन भाषिक राहतात. युतीत जायचं म्हणजे काय याचा पहिला धडा त्यांना असा मिळाला. २००४ मध्ये आणखी सात आले, त्यात तीन बाल्टिक देश, म्हणजे थेट पूर्वीचा सोव्हिएत युनियनच. तेही पार पडलं.

आणि मग आलं २००८. माझ्या मते सगळी मेख इथे आहे.

एप्रिल २००८, बुखारेस्ट. परिषद भरली होती चाउशेस्कूने बांधलेल्या त्या अवाढव्य महालात, आज तिथे रोमानियाची संसद असते. युक्रेन आणि जॉर्जिया यांना 'मेंबरशिप अ‍ॅक्शन प्लॅन', थोडक्यात मॅप, हवा होता. मॅप म्हणजे सदस्यत्व नव्हे. तो एक सिलॅबस आहे, सैन्यात काय सुधारणा करा, न्यायव्यवस्थेत काय करा, दरवर्षी रिपोर्ट द्या. १९९९ मध्ये ही पद्धत सुरू झाली. मॅपवाल्याला कलम ५ चं संरक्षण शून्य. पण एकदा सिलॅबस हातात पडला की परीक्षा होणार असं सगळे धरून चालतात.

बुश परिषदेच्या आधी मुद्दाम कीव्हला जाऊन आले आणि पाठिंबा जाहीर केला. पोलंड, बाल्टिक देश, यजमान रोमानिया हे सगळे त्यांच्या बाजूने. विरोधात जर्मनीच्या अँगेला मर्केल आणि फ्रान्सचे सार्कोझी, त्यांच्यामागे पश्चिम युरोपातले आणखी काही देश.

मर्केलबाईंचे मुद्दे काय होते ते नीट बघायला हवं, कारण नंतर लोकांनी त्यांना सरसकट रशियाधार्जिणं ठरवलं. पहिला मुद्दा: युक्रेनमध्ये राष्ट्राध्यक्ष युश्चेन्को, पंतप्रधान तिमोशेन्को आणि संसदेचे सभापती यात्सेन्युक या तिघांनी जानेवारीत पत्र लिहून मॅप मागितला होता खरा, पण तिथल्या बहुसंख्य जनतेला तेव्हा नाटो नको होतं. जनतेला नको असलेली युती कशी करायची? दुसरा मुद्दा: क्रिमियात सेव्हास्तोपोलला रशियाचं काळ्या समुद्रातलं आरमार भाडेकराराने बसलेलं. म्हणजे नाटोच्या भावी सदस्याच्या घरात रशियाचा नाविक तळ. तिसरा मुद्दा जॉर्जियाचा: अबखाझिया आणि दक्षिण ओसेशिया हे दोन तुकडे त्या सरकारच्या ताब्यातच नव्हते आणि तिथे रशियन सैन्य होतं. असा देश आत घेतला तर कलम ५ पहिल्या दिवसापासून कुठे लागू होतं आणि कुठे नाही, हे सांगणार कोण?

तिन्ही मुद्द्यांना धार होती. अमेरिकेत सुद्धा सगळे बुशबरोबर नव्हते. तेव्हाचे संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी नंतर आठवणींत लिहिलं की युक्रेन-जॉर्जियाच्या बाबतीत आपण हात नको तितका लांब केला. मॉस्कोतले अमेरिकन राजदूत विल्यम बर्न्स यांनी फेब्रुवारी २००८ मध्येच वॉशिंग्टनला तार पाठवून सांगितलं होतं की रशियात या विषयावर 'नाही' म्हणजे खरोखरच नाही.

मग दोन पर्याय होते. मर्केल-सार्कोझींनी सरळ म्हणायचं, "आत्ता नाही, आणि कधी ते सांगता येत नाही." किंवा बुशनी त्यांना पटवून मॅप द्यायचा. झालं तिसरंच. मॅप दिला नाही, पण ३ एप्रिलच्या जाहीरनाम्यात एक वाक्य घातलं: आज आमचं ठरलं आहे की हे देश नाटोचे सदस्य होतील. तारीख नाही, वाट नाही, मधल्या काळात संरक्षण कोण देणार याचा उल्लेख नाही. प्रत्येकाला घरी जाऊन आपण जिंकलो असं सांगता येईल, असं वाक्य.

तुमच्यापैकी जे सर्व्हिस कंपन्यांत काम करतात त्यांना हे वाक्य ओळखीचं वाटेल. क्लायंट एखादं फीचर मागतो, आपल्याला ते जमणारं नसतं, आणि सेल्सवाला हसून म्हणतो, "रोडमॅपवर आहे." क्लायंट ऐकतो हो. डेव्हलपर ऐकतो नाही. मीटिंग छान होते. फरक एवढाच की तिथे ऐकणारे दोघेच असतात. बुखारेस्टमध्ये तिसरा ऐकणारा होता, आणि तो दुसऱ्याच दिवशी, ४ एप्रिलला, त्याच इमारतीत नाटो-रशिया बैठकीसाठी हजर होता. कीव्ह आणि तिब्लिसीने ऐकलं 'हो'. बर्लिन आणि पॅरिसने ऐकलं 'नाही'. पुतिननी ऐकलं की हे येणार आहेत, पण अजून आलेले नाहीत, आणि मधल्या काळात यांच्यामागे कोणी उभं नाही.

चार महिन्यांत जॉर्जियाचं युद्ध झालं. ७ ऑगस्टच्या रात्री जॉर्जियाच्या सैन्याने दक्षिण ओसेशियातल्या त्स्खिनवालीवर तोफा डागल्या. युरोपियन युनियनने नेमलेल्या चौकशीने २००९ मध्ये हे स्पष्ट म्हटलं, आणि त्याआधी रशियाने केलेल्या चिथावणीवर आणि नंतरच्या अतिरेकावरही बोट ठेवलं. राष्ट्राध्यक्ष साकाश्विलींच्या डोक्यात काय होतं हे मला ठाऊक असण्याचं कारण नाही. पण आपण जवळजवळ नाटोत आहोत असं वाटणारा माणूस जसा वागेल तसे ते वागले. पाच दिवसांत रशियन सैन्य देशाच्या आत घुसलं. मध्यस्थीला धावले कोण, तर सार्कोझी. २६ ऑगस्टला रशियाने दोन्ही तुकड्यांना स्वतंत्र देश म्हणून मान्यता देऊन टाकली.

युक्रेनची गोष्ट तुम्हाला माहीतच आहे. २०१० मध्ये यानुकोविच निवडून आले, त्यांनी स्वस्त गॅसच्या बदल्यात सेव्हास्तोपोलचा करार २०४२ पर्यंत वाढवला आणि कायदा करून देश अलिप्त ठेवला. म्हणजे २०१४ मध्ये क्रिमिया गिळला गेला तेव्हा युक्रेन कायद्याने नाटोबाहेर राहायचं ठरवलेला देश होता! 'नाटोत जायला निघाले म्हणून मारलं' म्हणणाऱ्यांनी ही तारीख एकदा तपासावी. माझा मुद्दा त्या वाक्याने युद्ध घडवलं असा नाही. युद्ध पुतिननी केलं, त्याची जबाबदारी त्यांची. पण त्या वाक्याने युक्रेनला कवच काही दिलं नाही आणि रशियाला निमित्त मात्र कायमचं दिलं.

एप्रिल २०२२ मध्ये बुचातली प्रेतं जगासमोर आली, तेव्हा झेलेन्स्कींनी मर्केल आणि सार्कोझींना जाहीर आमंत्रण दिलं, या आणि बघा तुमच्या चौदा वर्षांच्या सवलतींनी काय झालंय. मर्केलबाईंनी कळवलं की आपण २००८ च्या निर्णयावर ठाम आहोत. २०२४ च्या आत्मचरित्रातही त्यांचा युक्तिवाद तोच आहे: नुसत्या मॅपने पुतिन थांबले नसते. हे मला पटतं. मॅसेडोनिया वीस वर्षं मॅपमध्ये बसून होता, त्याने काय कवच मिळालं? पण याच पुस्तकात त्या हेही मान्य करतात की तडजोडीची किंमत होती आणि ते मोघम आश्वासन पुतिनना आव्हान वाटलं. म्हणजे बाईंचा 'नाही' बरोबर होता असं मानलं तरी त्याच्याखाली 'हो' लिहिलेल्या कागदावर सही त्यांचीही आहे. माझा राग त्या सहीवर आहे.

आता मॅसेडोनियाचा विषय निघालाच आहे तर तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण त्याच बुखारेस्टमध्ये त्याच दिवशी त्यांचंही दार आपटलं गेलं. अल्बेनिया आणि क्रोएशियाला आमंत्रण मिळालं, मॅसेडोनियाला नाही. कारण? नाव. ग्रीसचं म्हणणं, मॅसेडोनिया हा आमचा प्रांत आहे, अलेक्झांडर आमचा, तुम्ही हे नाव लावता म्हणजे उद्या आमच्या जमिनीवर हक्क सांगाल. संयुक्त राष्ट्रांत तो देश १९९३ पासून 'मॅसेडोनियाचे पूर्वीचे युगोस्लाव्ह प्रजासत्ताक' अशा लांबलचक नावाने बसत होता. पाटीवर तरी कसं मावत असेल कोण जाणे :-)

यात हसू येतं, पण आपण कोणत्या तोंडाने हसायचं? शहरांच्या, विद्यापीठांच्या आणि स्टेशनांच्या नावांवरून रस्त्यावर उतरलेला समाज आहोत आपण. नावात काय आहे हे आपल्याला कुणी शिकवायला नको. स्कोप्येवाल्यांनीही कमी केलं नाही. विमानतळाला अलेक्झांडरचं नाव दिलं, २०११ मध्ये मुख्य चौकात घोड्यावर बसलेल्या योद्ध्याचा प्रचंड पुतळा उभारला. कागदोपत्री तो कुणीतरी 'घोडेस्वार योद्धा' होता, आणि पोराटोरांनाही माहीत होतं की हा कोण. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने निकाल दिला की १९९५ च्या करारानुसार ग्रीसला नाटोत असा अडथळा आणता येत नव्हता. पंधरा विरुद्ध एक. ग्रीस ऐकून घेऊन गप्प बसला. एकमताच्या नियमापुढे न्यायालयाचाही इलाज नाही.

सुटलं शेवटी २०१८ मध्ये, प्रेस्पा सरोवराच्या काठी. ग्रीसचे त्सिप्रास आणि मॅसेडोनियाचे झाएव्ह यांच्या उपस्थितीत त्यांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी 'उत्तर मॅसेडोनिया' या नावावर सही केली. दोघांनाही घरी शिव्या पडल्या. स्कोप्येतल्या सार्वमतात नव्वद टक्क्यांहून जास्त मतं होकाराची, पण मतदान जेमतेम ३७ टक्के, कारण विरोधकांनी बहिष्कार टाकला. ग्रीसच्या संसदेत करार पास झाला १५३ विरुद्ध १४६ मतांनी. त्सिप्रास सहा महिन्यांत निवडणूक हरले. उत्तर मॅसेडोनिया मार्च २०२० मध्ये नाटोत आला, आमंत्रण हुकल्यापासून बारा वर्षांनी. (नाव बदलल्यावर युरोपियन युनियनचं दारही उघडणार होतं. तिथे आधी फ्रान्स आडवा आला, मग बल्गेरिया, कारण बल्गेरियाच्या मते मॅसेडोनियन ही भाषाच मुळात बल्गेरियन आहे. कपाळ!)

पण बघा, हे भांडण कितीही हास्यास्पद असलं तरी त्याचं एक बरं होतं. अडथळा कोणाचा आहे आणि कशासाठी आहे हे सगळ्यांना स्वच्छ माहीत होतं. जे माहीत असतं त्यावर बोलणी होऊ शकतात. दोन शहाणे माणसं भेटली आणि मिटलं.

स्वीडन-फिनलंडचंही तेच. दोघांनी १८ मे २०२२ रोजी अर्ज दिला. स्वीडन दोनशे वर्षं कुठल्या युद्धात नव्हता. फिनलंडची रशियाशी १३४० किलोमीटरची सीमा. युद्धाआधी बहुसंख्य फिन लोकांना नाटो नको होतं, त्या मे महिन्यात पाऊणएक जनतेला हवं होतं. इतके श्रीमंत, इतके तयार देश की मॅपची गरजच पडली नाही. वाटलं महिन्याभरात होईल. तुर्कस्तानने हात आडवा घातला. स्वीडन कुर्दी पीकेकेच्या लोकांना थारा देतो, २०१९ पासून आम्हाला शस्त्रं विकत नाही, आधी ते निस्तरा.

त्या काळात एर्दोआनना पुतिनचे हस्तक ठरवायची फॅशन होती. मला ते फार सोपं वाटलं. पीकेकेच्या संघर्षात तुर्कस्तानात काही दशकांत हजारो माणसं मेली आहेत. सुरक्षेसाठी केलेल्या युतीतला सदस्य 'माझ्या सुरक्षेचं काय?' असं विचारत असेल तर ते विचारायची जागा तीच आहे. तुर्कस्तान स्वतः १९५० मध्ये त्याच दाराबाहेर उभा होता हे एर्दोआन विसरले नसावेत. हां, पुढे सौदा वाढत गेला हेही खरं. स्वीडनने दहशतवादाचा कायदा कडक केला, त्यासाठी राज्यघटनेत बदल केला. जानेवारी २०२३ मध्ये स्टॉकहोममध्ये कुणीतरी कुराण जाळलं, बोलणी बंद पडली. फिनलंड तेवढ्यात एकटा पुढे निघून ४ एप्रिल २०२३ ला आत गेला. तुर्कस्तानच्या संसदेने स्वीडनला मंजुरी दिली २३ जानेवारी २०२४ रोजी, आणि तीन दिवसांत अमेरिकेने तुर्कस्तानला सुमारे २३ अब्ज डॉलर्सच्या एफ-१६ विमानांची विक्री मान्य केली. योगायोग म्हणायचा तर म्हणा.

हंगेरीच्या ओर्बान सरकारला तर धड मागणीही नव्हती. स्वीडिश लोक आमच्या लोकशाहीला नावं ठेवतात, असा रुसवा. शेवटी स्वीडनचे पंतप्रधान बुडापेस्टला गेले, चार ग्रिपेन विमानांचा व्यवहार झाला, आणि तीन दिवसांनी, २६ फेब्रुवारीला, हंगेरियन संसदेने १८८ विरुद्ध ६ मतांनी होकार दिला. (ग्रिपेन म्हणजे तेच, जे आपल्या १२६ विमानांच्या स्पर्धेत होतं आणि २०११ मध्ये बाद झालं.) ७ मार्च २०२४ ला स्वीडन बत्तिसावा सदस्य झाला.

पावणेदोन वर्षं गेली, सगळ्यांची लाज निघाली. पण या काळात एक गोष्ट झाली जी युक्रेन-जॉर्जियाच्या नशिबी आली नाही. अर्ज द्यायच्या आधीच, ११ मे २०२२ ला, ब्रिटनचे बोरिस जॉन्सन स्टॉकहोम आणि हेलसिंकीला जाऊन लेखी देऊन आले होते की तुमच्यावर हल्ला झाला तर आम्ही मदतीला येऊ. अमेरिकेनेही आश्वासनं दिली. म्हणजे अर्ज आणि प्रवेश यांच्यामधली धोक्याची पोकळी कोणीतरी भरून काढली. आत कितीही तंटा चालू दे, बाहेरच्याला मधल्या मध्ये उचलता येणार नाही याची व्यवस्था झाली. २००८ मध्ये हे कुणाला सुचलं नाही असं मी मानत नाही. करायचं नव्हतं, एवढंच.

म्हणून त्या मुलाच्या "तोंडावर नाही म्हणा" शी मी जवळजवळ सहमत आहे. एकमताची अट काढून बहुमत आणा असं मधूनमधून सुचवलं जातं, ते मला मान्य नाही. ज्याच्या मनात नाही त्याची हमी बहुमताने घेऊन काय करणार? रात्री दोन वाजता फोन आल्यावर तो उचलणारच नाही. अडवणूक होऊ दे, सौदे होऊ देत, नावांवरून बारा वर्षं घालवू देत. मतभेद असेल तर तो मतभेद म्हणून जाहीरनाम्यात दिसला पाहिजे. छोट्या देशांना 'नाही' पचवता येतं. 'नाही' कळलं तर ते दुसरी तजवीज करतात: शस्त्रं जमवतात, दुसरे मित्र शोधतात, शेजाऱ्याशी नाइलाजाने जमवून घेतात. फिनलंडने शीतयुद्धाचा सगळा काळ असाच काढला, सक्तीची लष्करी सेवा कधी बंद केली नाही, आणि मान खाली घालून का होईना पण टिकला. 'येणार, पण कधी ते विचारू नका' यावर कुठली तजवीज करायची?

यावर एक प्रामाणिक आक्षेप असा येईल की २००८ मध्ये सरळ 'नाही' म्हटलं असतं तर पुतिनना नकाराधिकार दिल्यासारखं झालं असतं, आणि पूर्व युरोपच्या सदस्यांना वाटलं असतं की उद्या आपल्यालाही विकतील. आक्षेपात दम आहे. एस्टोनियातल्या माणसाला तो माझ्यापेक्षा जास्त कळतो. पण पोलंड आणि बाल्टिक देशांना त्या वाक्यातून तरी कोणता धीर मिळाला? ऑगस्टमध्ये जॉर्जियात काय झालं ते त्यांनीच सगळ्यात जवळून पाहिलं. तेव्हा पोलंडचे राष्ट्राध्यक्ष आणि बाल्टिक नेते स्वतः तिब्लिसीला जाऊन गर्दीसमोर उभे राहिले होते.

यातून शिकले का? युक्रेनने २०१९ मध्ये नाटोचं ध्येय राज्यघटनेत लिहून टाकलं, सप्टेंबर २०२२ मध्ये युद्ध चालू असताना रीतसर अर्ज केला. जुलै २०२३ मध्ये व्हिल्निअसला परिषद झाली. या वेळी पूर्वेकडचे देश आमंत्रण द्या म्हणत होते आणि अडवत होते जर्मनी आणि खुद्द अमेरिका. बायडेन यांचं कारण सरळ होतं: युद्धात असलेला देश घेतला तर आपण युद्धात. यावर वाद होऊ शकतो, पण निदान ते कारण आहे. जाहीरनाम्यात मात्र लिहिलं की सदस्यांचं एकमत झालं आणि अटी पूर्ण झाल्या की आम्ही आमंत्रण देऊ शकू. कोणत्या अटी, ते नाही. आणि ज्या मॅपवरून २००८ मध्ये एवढं रामायण झालं, तो मॅप युक्रेनला आता लागणार नाही असंही त्यातच जाहीर केलं! झेलेन्स्कींनी वाटेतूनच हे 'अभूतपूर्व आणि हास्यास्पद' असल्याचं लिहिलं, तर उलट त्यांनाच कृतज्ञता शिकवली गेली.

२०२४ मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत युक्रेनची वाट 'परत न फिरणारी' आहे असं लिहिलं गेलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये नव्या अमेरिकन सरकारचे संरक्षणमंत्री हेगसेथ ब्रुसेल्सला येऊन म्हणाले की युक्रेनचं सदस्यत्व वास्तववादी नाही. हे उघड म्हटलं गेलं, पण तेही अशा वेळी, जेव्हा ते ऐकून युक्रेनला दुसरी काही तजवीज करायला उसंत उरलेली नव्हती. त्याच वर्षी जूनमध्ये हेगला परिषद झाली. तिथला जाहीरनामा एका पानाचा होता, बराचसा संरक्षणावर पाच टक्के खर्च करण्याबद्दल. त्यात युक्रेनच्या सदस्यत्वाबद्दल एक अक्षर नाही. बुखारेस्टचं वाक्य त्यांनी तिथे मागेही घेतलं नाही.